बंद पडलेला लोडेड ट्रक घाटातून खाली आणायचाय: दोर, दांडा की उचलून?

घाटवाट:
नमस्कार मंडळी. काम अडलंय, म्हणून थेट विचारतो. घाटमाथ्यावर दोन एक्सलचा एक ट्रक उभा आहे, इंजिन जाम. गाडी ९ टन, वर माल ९ टन. खाली वर्कशॉपपर्यंत ९ किमी सलग उतार, सरासरी ६ टक्के, मध्ये चार हेअरपिन. माझी रिकव्हरी गाडी तीन एक्सलची, १७ टनांची. मागे अंडरलिफ्ट आहे, म्हणजे बंद गाडीची पुढची चाकं खालून उचलून धरणारा हात. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट झडपेने अडवून इंजिनानेच गाडी धरणारा) आहे, रिटार्डर (चाकांच्या ब्रेकशिवाय गाडी धरणारी वेगळी यंत्रणा) नाही.

सपाटीवर आणि चढावर मी पुष्कळ गाड्या ओढल्यात. एवढी भरलेली गाडी उतारावरून मात्र कधी आणलेली नाही. मालवाला म्हणतो माल उतरवायचा नाही, वेळ जातो. ट्रकचा ड्रायव्हर म्हणतो, जाड साखळी लावा, मी स्टेअरिंगवर बसतो. दोर, दोन गाड्यांमध्ये जोडायचा लोखंडी दांडा की पुढून उचलून? आणि मागची गाडी गिअरमध्ये ठेवली तर ती थोडीफार धरेल का?

टॉप गिअर:
साखळी लावा आणि निघा. मागे अनुभवी माणूस बसवला की तो ब्रेक मारून साखळी ताणलेली ठेवतो. आमच्याकडे असंच करतात, काही होत नाही.

जुना क्रेनवाला:
टॉप गिअर, मागच्या गाडीचं इंजिन जाम आहे. म्हणजे ब्रेकसाठी हवा भरणारा तिचा कॉम्प्रेसर बंद. टाकीत जी काय हवा उरली असेल ती दोन-चार वेळा पेडल दाबलं की संपली. मग तो अनुभवी माणूस साखळी कशाने ताणणार? पॉवर स्टेअरिंगही मेलेलं, हेअरपिनला दोन्ही हातांनी लटकला तरी चाक पुरेसं वळणार नाही. आणि हवा एका मर्यादेखाली गेली की हवेच्या दाबाने मागे धरलेले स्प्रिंग ब्रेक आपोआप बसतात, नेमके वळणात. साखळी फक्त ओढते. उतारावर ओढायचं काही नसतंच, अडवायचं असतं. साखळी आणि दोर विसरा. चिखलातून दहा फूट बाहेर काढण्यापुरते ते ठीक.

घाटवाट, मी रिकव्हरीवरच म्हातारा झालोय, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

पहिलं, माल उतरवा. मालवाल्याचा वेळ जातो हे खरं, पण १८ टनांची गाडी ९ टनांवर आली की तुमचा सगळा हिशेबच बदलतो. दुसरी गाडी वर बोलवा, माल तिच्यात भरा, तो तुमच्या आधी खाली पोचेल. मालवाला ऐकत नसेल तर त्याला सांगा, मग माझ्यापेक्षा मोठी, रिटार्डरवाली गाडी बोलवा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं, तुमच्याकडे अंडरलिफ्ट आहे तर दांड्याचा विचार सोडा. पुढून उचला. मागच्या गाडीत कोणीही बसायचं नाही, क्लीनरही नाही. स्टेअरिंग बांधून ठेवा. उचलल्यावर मुख्य साखळ्यांशिवाय दोन जादा सुरक्षा साखळ्या, त्यांना फार ढील नको.

गिअरमध्ये ठेवायचं म्हणता, तर जाम इंजिन फिरणारच नाही, मागची चाकं नुसती घसटत येतील आणि टायर जातील. उलट प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला जाणारा दांडा, खोला. मागची चाकं जमिनीवर फिरली की गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरतो, पण इंजिन बंद असल्यामुळे आतलं तेल वर चढत नाही. ९ किमीत बेअरिंग जळतात, आणि मग इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही कामाला येतो. शाफ्ट खोलण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके. दगड नको, दगड घसरतो.

आता हवा. हा भाग नीट वाचा. तुमच्या गाडीतून मागच्या गाडीला हवेचा पाइप द्यायचा. त्या हवेने तिचे स्प्रिंग ब्रेक सुटतील. दुसरा पाइप सर्व्हिस लाइनचा, म्हणजे तुम्ही पेडल दाबलं की तिचाही मागचा एक्सल ब्रेक धरेल. बरेच जण आळस करतात, चेंबरमागचा (हवेने दांडी ढकलून ब्रेक लावणारा डबा, तो चेंबर) बोल्ट फिरवून स्प्रिंग दाबून ठेवतात आणि पाइप लावायच्या भानगडीत पडत नाहीत. सपाटीवर चालून जातं. उतारावर हे मला अजिबात मान्य नाही. हवेने सोडलेला स्प्रिंग ब्रेक पाइप फुटला की आपोआप बसतो, मागची गाडी स्वतःच स्वतःला धरते. बोल्टने बांधलेला ब्रेक कधीच बसत नाही. आधाराला दुसरं काही उरत नाही.

घाटवाट:
खूप आभार, क्रेनवाले काका. पाइपचं ध्यानात आलं. माल उतरवायचं आज पुन्हा बोलतो. पण एक विचारतो, २५ च्या वेगाने सरळ उतरलो, एक्झॉस्ट ब्रेक लावून, तर भरलेली गाडीसुद्धा येणार नाही का? रिकाम्या रस्त्यावर २५ म्हणजे काहीच नाही.

उतारमापे:
मी गाडीवाला नाही, ब्रेकच्या चाचण्यांचं काम करतो. आकडे मांडून बघू.

१७ अधिक १८, एकूण ३५ टन. ९ किमीला ६ टक्के म्हणजे ५४० मीटर खाली. एवढं वजन एवढं खाली आणताना साधारण १८५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. टायरचं घर्षण त्यातली थोडी खातं, तरी १६० च्या आसपास उरते. ती सगळी तुमच्या गाडीच्या ब्रेकच्या सहा ड्रमांत गेली, ड्रम ४५ किलोचा धरला आणि बाहेर काहीच उष्णता गेली नाही असं मानलं, तर तापमान १,२०० अंशांहून जास्त चढतं. बीडाचं लोखंड तिथे वितळायला लागतं. प्रत्यक्षात हवेने ड्रम थंड होत राहतो, त्यामुळे एवढं होत नाही, पण ३०० ते ४०० अंशांतच ब्रेक शूवरच्या लायनरची पकड ढासळायला लागते. तिथपर्यंत पोचायला तर पूर्ण घाट लागतच नाही.

आता वेगाचं. २५ ने उतरलात तर दर सेकंदाला जिरवायची शक्ती १२४ किलोवॅट. १५ ने उतरलात तर ७४. एकूण उष्णता तेवढीच, पण वेळ २२ मिनिटांऐवजी ३६ मिनिटं मिळतो. साधा झडपेचा एक्झॉस्ट ब्रेक इंजिनाच्या पूर्ण शक्तीपेक्षा बराच कमी जोर देतो, आणि तोही आरपीएम वर असेल तरच. म्हणून १५ ला इंजिन बहुतेक काम स्वतः करतं, २५ ला उरलेलं सगळं ड्रमांवर येतं. माल उतरवलात तर एकूण वजन २६ टन, आणि तोच १५ चा वेग ५५ किलोवॅटवर येतो.

ड्रम तापला की मोठाही होतो. ४१० मिमीचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर व्यास सव्वा मिलिमीटरहून जास्त वाढतो. ऐकायला काहीच नाही, पण ब्रेक शू ड्रमपर्यंत पोचायला चेंबरच्या दांडीला तेवढं जास्त जावं लागतं. ३० नंबरच्या साध्या चेंबरची दांडी पूर्ण ६४ मिमी जाते, आणि ५१ मिमीपुढे गेली की अ‍ॅडजस्टमेंट संपली असं धरतात. वर थंड असताना ५० मिमीवर असलेला ब्रेक पेडलला अगदी चांगला वाटतो. खाली तोच ब्रेक दांडी टोकाला टेकवून बसतो आणि शू ड्रमला नुसते शिवतात. हवेचा काटा पूर्ण दाब दाखवत असतो, गाडी थांबत नसते.

मागचा एक्सल:
म्हणजे जुने लोक सांगायचे ते बरोबर, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा.

जुना क्रेनवाला:
जुन्या गाड्यांना बरोबर होतं. आताची इंजिनं दमदार आहेत, चौथ्या-पाचव्यात भरलेली गाडी चढते. त्याच गिअरने उतरलात तर ती धरत नाही, कारण गाडीचं घर्षणही कमी झालंय. आताच्या गाड्यांना चढाच्या गिअरपेक्षा एक-दोन खालचा घ्यायचा. आणि तो माथ्यावर, गाडी उभी असतानाच. उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला गेलात की क्लच दाबल्याच्या त्या क्षणात गाडी आणखी पळते, खालचा पडत नाही, मग वरचाही पडत नाही, आणि तुम्ही ३५ टन घेऊन न्यूट्रलमध्ये. उतारावर पळालेल्या गाड्यांतल्या बऱ्याच अशाच पळतात. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

उतारमापे यांनी आरपीएमचं सांगितलं ते लक्षात ठेवा. आपल्याकडे ड्रायव्हरला इंजिन ओरडलं की वाईट वाटतं, म्हणून तो वरचा गिअर घेतो. उतारावर इंजिन ओरडू द्या. लाल रेषेच्या खाली आहे ना, मग त्याचा जोर तिथेच आहे. आरपीएम खाली आणला की एक्झॉस्ट ब्रेक नावालाच उरतो.

आता पेडल. सतत हलका पाय ठेवून उतरू नका. हलक्या दाबावर सगळी चाकं सारखी धरत नाहीत, ज्या चाकाला हवा लवकर पोचते तेच एकटं राबतं आणि तापतं. तुमचा वेग १५ ठरला असेल तर गाडी १५ ला आली की नीट जाणवेल असा ब्रेक दाबा, १० पर्यंत आणा, आणि पूर्ण सोडा. पुन्हा १५ ला दाबा. दर तीन-चार सेकंदांनी दाबावं लागत असेल तर गिअर चुकलाय. तेव्हा चालत्या गाडीत गिअर बदलायला जाऊ नका, ब्रेक अजून थंड आहेत तोवर पूर्ण थांबा, उभ्या गाडीत खालचा टाका, मग पुढे. पण पेडल सारखं पंपासारखं मारू नका, हवा संपेल. अंडरलिफ्टवरची गाडी जोडल्यावर तुमच्या कॉम्प्रेसरवर दोन गाड्यांचा भार असतो.

घाटवाट:
वर थांबून नेमकं काय काय बघू? आणि हेअरपिनला काय करू, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे.

जुना क्रेनवाला:
माथ्यावर इंजिन चालू ठेवून दोन्ही गाड्यांचे पाइप जोडा. हवा पूर्ण भरू द्या, मग इंजिन बंद करून पेडल दाबून ठेवा आणि काटा बघा. पडत असेल तर गळती शोधा, ती सापडल्याशिवाय पुढे नाही. मदतनिसाला पेडल दाबायला सांगा, तुम्ही स्वतः खाली वाकून प्रत्येक चेंबरची दांडी किती जाते ते बघा, मागच्या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांचीही. आपोआप घट्ट होणारे स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकची ढील भरून काढणारे भाग) असतील आणि दांडी तरी लांब जात असेल तर पाना घेऊन हाताने घट्ट करून निघू नका. आत काहीतरी खराब आहे, पाना फक्त ते तासाभरासाठी झाकतो. टाक्यांतलं पाणी काढा. मग तिथेच सपाटीवर वीस-तीस मीटर चालवून ब्रेक मारून बघा, मागची गाडी खरंच धरते का ते हाताला कळतं.

हेअरपिनला तीन गोष्टी असतात. एक, आतल्या कडेचा उतार बाहेरच्या कडेपेक्षा जास्त असतो, कारण उंची तेवढीच आणि अंतर कमी. रस्ता सरासरी ६ टक्के असला तरी वळणाच्या आत तो १० असू शकतो. दोन, मागची गाडी तुमच्या चाकांच्या मागोमाग येत नाही, ती आत कापत येते. तुम्ही बाहेरून मोठं वळण घेतलं नाहीत तर तिचं मागचं चाक आतल्या कठड्यावर किंवा गटारात. तीन, तुम्ही वळलात की मागची गाडी तुम्हाला सरळ ढकलायची थांबते आणि तुमच्या शेपटीला बाजूला ढकलायला लागते. वेग असेल तर शेपूट बाहेर जाते आणि दोन्ही गाड्या चाकूसारख्या मिटतात. त्यामुळे सगळा ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असताना. वळणात ५ किमीने, जवळजवळ पावलांनी. वर येणारी वाहतूक थांबवायला एक माणूस झेंडा घेऊन पुढे पाठवा. तुम्हाला पूर्ण रस्ता लागणार आहे.

एक गोष्ट अंडरलिफ्टची. मागच्या ट्रकचा पुढचा एक्सल समजा ५ टन आहे आणि तो तुमच्या मागच्या एक्सलांच्या मागे २.२ मीटरवर लटकतोय. तुमचा व्हीलबेस ४.४ मीटर असेल तर तरफेच्या नियमाने तुमचा पुढचा एक्सल अडीच टनांनी हलका होतो. ६ टनांचा एक्सल साडेतीनवर. स्टेअरिंग लोण्यासारखं हलकं वाटायला लागतं आणि नवीन माणसाला ते बरं वाटतं. ओल्या रस्त्यावर तेच स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जाते. म्हणून उचल जेवढी कमी तेवढी चांगली, टायर रस्त्यापासून जेमतेम वीतभर सुटले की पुरे. पुढे वजन ठेवायची सोय असेल तर ठेवा. पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

मागचा एक्सल:
पावसात एक्झॉस्ट ब्रेक चालतो की बंद ठेवायचा?

जुना क्रेनवाला:
एक्झॉस्ट ब्रेक फक्त फिरवणाऱ्या चाकांवर लागतो. ती चाकं हलकी असतील आणि रस्ता ओला, तर ती घसरतात आणि शेपूट फिरते. रिकाम्या ट्रेलरवाल्यांनी ओल्या वळणात तो बंदच ठेवावा. घाटवाट यांच्या गाडीत अंडरलिफ्टमुळे मागचे एक्सल उलट भारी होतील, त्यामुळे तिथे भीती पुढच्या चाकांची जास्त.

उतारमापे:
विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. १९३१ साली क्लेसी कमिन्स हे डिझेल इंजिनवाले गृहस्थ न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला ट्रकची विक्रमी फेरी करत होते. कॅलिफोर्नियात कॅहोन पासच्या उतारावर ब्रेक जळाले आणि खाली रुळांवरून मालगाडी जात होती. थोडक्यात वाचले. इंजिनालाच ब्रेक का करू नये, हा विचार त्यांनी पुढे कित्येक वर्षं डोक्यात ठेवला. पिस्टनने हवा दाबली, की ती परत पिस्टनला ढकलायच्या आत एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडून सोडून द्यायची, अशी त्यांची युक्ती. १९६१ पासून जेकब्स कंपनीने तो ब्रेक बाजारात आणला. तुमच्या गाडीतला झडपेचा प्रकार वेगळा आणि कमी जोराचा, पण दोघांचंही काम आरपीएमवरच चालतं.

टॉप गिअर:
एवढं सगळं करायचं तर आमच्या साखळीवाल्या गाड्या खाली कशा आल्या असतील मग?

जुना क्रेनवाला:
ज्या आल्या त्या तुम्ही बघितल्या.

घाटवाट, वाटेत थांबायचं ठरवून ठेवा. साधारण तिसऱ्या आणि सहाव्या किलोमीटरला जिथे रस्ता रुंद आहे तिथे. थांबल्यावर चाकांना गुटके आणि गाडी गिअरमध्ये. तापलेल्या ड्रमवर पार्किंग ब्रेक लगेच ओढू नका, थंड होताना ड्रम आवळतो आणि शूंना धरून बसतो. पाणी तर ओतूच नका, ड्रम तडकतो. तापमान मोजायची बंदूक मिळाली तर सगळी चाकं मोजा, नाही तर हाताची मागची बाजू ड्रमजवळ न्या, टेकवू नका. सगळे गरम चाक शोधतात. तुम्ही थंड चाक शोधा. बाकीची २०० वर आणि एक हाताला गार लागत असेल, तर ते चाक ब्रेक धरतच नाहीये, त्याचा भार इतरांनी उचललाय. ते दुरुस्त झाल्याशिवाय पुढचा उतार नाही. जळका वास किंवा धूर आला तर अर्धा तास नाही, पूर्ण हात ठेवता येईपर्यंत थांबा. टायरमध्ये आग आतून सुरू होते, थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीही पेटते, म्हणून आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवून तिथेच उभे राहा, चहाच्या टपरीकडे जाऊ नका.

आणि जर कधी गाडी खरंच हातातून गेली, तर खडीच्या बचाव रॅम्पचा रस्ता जिथे असेल तिथे पहिल्याच रॅम्पला घाला. पुढे सरळ होईल, पुढचा रॅम्प बघू, असा विचार करू नका. दर किलोमीटरला वेग वाढत जातो, आणि पुढच्या वळणापर्यंत निवड उरत नाही. तुमच्या घाटात रॅम्प आहे का ते आधी चालत किंवा छोट्या गाडीने जाऊन बघून या.

घाटवाट:
काल छोट्या गाडीने जाऊन आलो. रॅम्प एकच आहे, सातव्या किलोमीटरला, दुसऱ्या आणि तिसऱ्या हेअरपिनच्या मध्ये. वरच्या दोन हेअरपिनना काहीच नाही. मालवाला शेवटी तयार झाला, दुसरी गाडी उद्या सकाळी वर येतेय. मागच्या ट्रकच्या मागच्या डाव्या चेंबरची दांडी ५६ मिमी जातेय, ती उद्या वरच खोलून बघतो. एक शेवटचं. माल उतरल्यावर १५ च्या ऐवजी २० ने जमेल का?

उतारमापे:
२६ टनांना २० ने म्हणजे ७४ किलोवॅट. भरलेल्या गाडीला १५ ने लागली असती तेवढीच.

जुना क्रेनवाला:
म्हणजे माल उतरवून मिळवलेलं सगळं वेगात घालवाल. १५ नेच या. वरच्या दोन हेअरपिनपर्यंत १० ने, कारण तिथे रॅम्प नाही. आणि ती ५६ वाली दांडी दुरुस्त झाल्यावर किती जाते ते इथे लिहा, निघायच्या आधी.